पातेल्याजवळ उभं राहा: शाळा व्यवस्थापन समितीत नव्यानं आलेल्या पालकांसाठी

पालकसभेत कुणीतरी तुमचं नाव सुचवलं, बाकीच्यांनी माना डोलावल्या आणि तुम्ही शाळा व्यवस्थापन समितीचे सदस्य झालात. पहिल्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर शेवटून दुसरा विषय असेल, 'शालेय पोषण आहार आढावा'. कुणीतरी 'चाललंय व्यवस्थित' म्हणेल, इतिवृत्तात एक ओळ पडेल आणि चहा येईल. गावातल्या कितीतरी लेकरांचं दिवसातलं सगळ्यात भरीव जेवण त्या एका ओळीत उरकलं जातं. ती ओळ खरी कशी करायची, ते इथं सांगते.

मी एका खेड्यातल्या जिल्हा परिषद शाळेच्या समितीवर दोन मुदती काम केलं. पहिल्या तीन महिन्यांत मोठी चूक केली. तपासनीस असल्यासारखी स्वयंपाकखोलीत गेले आणि चार माणसांसमोर स्वयंपाकी ताईंना विचारलं, "खिचडी एवढी पातळ का?" ताई गप्प राहिल्या. डाळीचा साठा महिनाभर आलेलाच नव्हता आणि त्या उरलेली डाळ पुरवून पुरवून घालत होत्या, हे मला नंतर कळलं. पुढे कितीतरी दिवस त्या माझ्याशी मोकळेपणानं बोलल्या नाहीत. म्हणून खालचा क्रम मुद्दाम असा लावला आहे. आधी आपला हक्क काय ते नीट समजून घ्या, मग मुलांबरोबर जेवा, मग वजनकाटा काढा. तक्रार सगळ्यात शेवटी.

आधी हक्काचे आकडे पाठ करा

ही योजना केंद्रानं १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू केली. सुरुवातीला बहुतेक ठिकाणी मुलांना महिन्याला तीन किलो धान्य घरी दिलं जाई. तिशी-पस्तिशीतल्या पालकांना ती तांदळाची पिशवी आठवत असेल. घरी गेलेला तांदूळ घरच्या डब्यात मिसळायचा, त्या मुलाच्या पोटात किती गेला ते कुणालाच कळायचं नाही. २८ नोव्हेंबर २००१ रोजी सर्वोच्च न्यायालयानं अन्नाच्या हक्काच्या खटल्यात आदेश दिला की मुलांना शाळेतच शिजवलेलं अन्न द्यायचं. पुढे २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्यानं ते पहिली ते आठवीच्या मुलांच्या हक्कात बसवलं. सरकारी आणि अनुदानित शाळेत, सुटी सोडून रोज, फुकट. २०२१ पासून योजनेचं नाव प्रधानमंत्री पोषण शक्ती निर्माण योजना झालं. आपण सगळे मात्र अजून पोषण आहारच म्हणतो, आणि मुलं 'खिचडी' म्हणतात.

नावापेक्षा प्रमाण महत्त्वाचं. पहिली ते पाचवीच्या मुलाला या जेवणातून रोज ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं मिळायला हवीत, सहावी ते आठवीच्या मुलाला ७०० कॅलरी आणि २० ग्रॅम प्रथिनं. त्यासाठी दर मुलामागे लागणारा कच्चा शिधा ठरलेला आहे.

पहिली ते पाचवी: तांदूळ १०० ग्रॅम, डाळ किंवा कडधान्य २० ग्रॅम, भाजी ५० ग्रॅम, तेल ५ ग्रॅम.
सहावी ते आठवी: तांदूळ १५० ग्रॅम, डाळ किंवा कडधान्य ३० ग्रॅम, भाजी ७५ ग्रॅम, तेल साडेसात ग्रॅम.

या दोन ओळी वहीच्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवा. आणखी एक आकडा जोडीला असू द्या. तांदूळ केंद्राकडून येतो. त्याशिवाय डाळ, भाजी, तेल, मसाला आणि इंधन या सगळ्याचा खर्च १ मे २०२५ पासून पहिली ते पाचवीसाठी दर मुलामागे दिवसाला ६ रुपये ७८ पैसे, आणि सहावी ते आठवीसाठी १० रुपये १७ पैसे धरला आहे. साठ मुलांच्या प्राथमिक शाळेला दिवसाचे ४०६ रुपये ८० पैसे झाले. हा आकडा आधी माहीत असला की बैठकीत 'रोज पनीर का नाही' असलं बोलणं आपोआप थांबतं, आणि 'तीन किलो भाजी का नाही' हा योग्य प्रश्न पुढे येतो.

पहिले पंधरा दिवस फक्त जेवा

आठवड्यातून दोनदा, न सांगता, जेवणाच्या सुटीत शाळेत जा. मुलांच्या ओळीत बसा आणि त्यांना वाढतात तेच ताटात घ्या. वही काढू नका, फोटो काढू नका. पदार्थ कोमट आहे की गरम, डाळ शिजली आहे की टचटचीत राहिली आहे, मीठ कसं आहे, पहिलीच्या मुलांना घास गिळताना पाणी लागतंय का, हे सगळं जिभेला आणि डोळ्याला आपोआप कळतं.

जेवण झाल्यावर दोन मिनिटं उष्ट्याच्या बादलीपाशी थांबा. ती बादली खोटं बोलत नाही. मसालेभाताच्या दिवशी तिच्यात भाजीच्या फोडी दिसल्या तर फोडी मोठ्या होत्या किंवा कच्च्या होत्या. मटकीच्या उसळीच्या दिवशी उसळ उरली तर बहुतेक तिखट जास्त झालेलं असतं. नुसता पांढरा भात उरला असेल तर वरण कमी पडलं. आमच्याकडे एका वारी बादली नेहमी भरायची. चौकशी केली तेव्हा कळलं की त्या दिवशी शाळेसमोर गाडा लागायचा आणि मुलं आधीच काहीबाही खाऊन यायची. पदार्थात काहीच खोट नव्हती.

मग मुलांना विचारा. मोठ्या माणसांसमोर ती 'छान असतं' एवढंच म्हणतात. त्यापेक्षा 'कुठल्या दिवशी दुसऱ्यांदा मागता?' असं विचारलं की खरं उत्तर मिळतं.

काटा आणि पातेलं

तिसऱ्या आठवड्यापासून सकाळी जा, शिधा काढून देतात त्या वेळी. बहुतेक शाळांत तो वाटीनं किंवा डब्यानं मोजला जातो. आधी ती वाटी वजनकाट्यावर ठेवून एकदा भरा. आमच्या शाळेत 'पाव किलोचं माप' म्हणून वापरात असलेल्या डब्यात तूरडाळ १८० ग्रॅम बसत होती. यात कुणाची लबाडी नव्हती. तो डबा मुळात दुसऱ्याच कशाचा तरी होता आणि वर्षानुवर्षं चालत आला होता. एक साधा वजनकाटा आणि डाळीसाठी, तेलासाठी वेगवेगळी मापं एवढं आणलं की अर्धा प्रश्न सुटतो.

हजर मुलं साठ असतील आणि सगळी प्राथमिकची असतील तर हिशोब असा: तांदूळ ६ किलो, डाळ १ किलो २०० ग्रॅम, भाजी ३ किलो, तेल ३०० ग्रॅम. पटावरची नाही, त्या दिवशी हजर असलेली मुलं धरायची. रोजच्या नोंदवहीत, ऑनलाइन भरतात त्या माहितीत आणि वर्गाच्या हजेरीत एकच आकडा असायला हवा. तिन्ही आकडे वेगळे दिसले तर मुख्याध्यापकांना एकट्यात विचारा. पुष्कळदा कारण साधं असतं, उशिरा आलेली मुलं हजेरीत धरली गेलेली नसतात.

आता डाळीबद्दल, कारण माझ्या मते या सगळ्या लेखातली हीच सगळ्यात मोठी गोष्ट आहे. १०० ग्रॅम तांदळातून साधारण ३५० कॅलरी आणि सात-आठ ग्रॅम प्रथिनं मिळतात. २० ग्रॅम डाळीतून ६५ ते ७० कॅलरी आणि साडेचार ते पाच ग्रॅम प्रथिनं. ५ ग्रॅम तेलातून ४५ कॅलरी. बेरीज करून बघा, कॅलरी ४५० च्या थोड्या वर जातात आणि प्रथिनं जेमतेम १२ वर येतात. म्हणजे कॅलरीत थोडी सवड आहे, प्रथिनांत जवळजवळ नाही. डाळ अर्धी घातली तर पोट भरेल, मूल तक्रारही करणार नाही, पण प्रथिनं दहाच्या आत येतील. शिवाय तांदळाच्या प्रथिनांत जो घटक कमी असतो तो डाळीत भरपूर असतो, आणि डाळीत जो कमी तो तांदळात. आपल्या आज्यांनी वरण-भात एकत्र लावून दिला तो उगीच नाही. डाळ गेली की तांदळातलीही प्रथिनं अंगाला पुरती लागत नाहीत.

इथं एक अडचण सगळीकडे येते. १०० ग्रॅम तांदळाचा भात शिजून अडीच-तीनशे ग्रॅम होतो. वर डाळ, भाजी. पहिलीतल्या सहा वर्षांच्या पोराला तो एका बैठकीत जात नाही. मग भात उरतो, आणि उरतो म्हणून दुसऱ्या दिवसापासून तांदूळ, डाळ, तेल सगळंच कमी घेतलं जातं. हे करू नका. भात खरंच उरत असेल तर तांदूळ थोडा कमी शिजवा, डाळ आणि भाजी पूर्ण घाला, आणि शिल्लक राहिलेला तांदूळ साठा नोंदवहीत शिल्लक म्हणूनच दाखवा. खिचडी दाट होईल, डाळीचा पिवळेपणा डोळ्यांना दिसेल. लहान मुलांना पहिल्यांदा थोडं वाढून दुसऱ्यांदा वाढण्याची पद्धत ठेवली तर उष्टंही कमी होतं.

भाजीचं वजन बहुतेक कुणी बघतच नाही. तीन किलो भाजी म्हणजे बाजाराची मोठी पिशवी होते. तिथं एक किलो बटाटे आणि चार टोमॅटो दिसले तर भाजी झाली असं समजू नका. बटाटा असू द्या, मुलांना आवडतो, पण तो भाताचाच भाऊ आहे. लाल भोपळा, गाजर, दुधी, कोबी, शेवग्याच्या शेंगा, पालक, मेथी यांपैकी दोन तरी रोज हवीत. टोमॅटो महागला की लोक भाजीच सोडतात. त्या दिवसांत चिंच किंवा आमसूल घाला आणि त्या पैशांत भोपळा आणा.

स्वयंपाकी ताई आपल्या बाजूला हव्यात

शाळेत रोज चूल पेटवणारी ती बाई महाराष्ट्रात महिन्याला २,५०० रुपये मानधनावर काम करते. ते मानधनही वर्षातून दहाच महिने धरलेलं असतं. २५ मुलांपर्यंत एक स्वयंपाकी, १०० पर्यंत दोन, आणि पुढच्या प्रत्येक शंभरामागे एक असं प्रमाण आहे. मानधन दोन-तीन महिने रखडणं ही नवलाची गोष्ट राहिलेली नाही. तुमच्या शाळेत मुलांच्या मानानं स्वयंपाकी कमी असतील, तर आधी ती जागा भरा असा ठराव करा. सत्तर मुलांचा तांदूळ निवडणं, डाळ धुणं, भाजी चिरणं, शिजवणं, वाढणं आणि पातेली घासणं एकट्या बाईकडून होणार नाही. आणि झालं तरी भाजीच कमी होईल, कारण चिरायला वेळ भाजीलाच लागतो.

माझी चूक दुरुस्त व्हायला एक साधी गोष्ट कामी आली. मी ताईंना विचारलं, "तुम्हाला काय हवंय?" त्यांनी यादी सांगितली: धारदार विळी, मोठी चाळण, झाकण नीट बसणारं पातेलं, पाणी भरून ठेवायला टाकी, आणि सकाळी अर्धा तास भाजी चिरायला कुणीतरी. यादीतल्या पहिल्या चार गोष्टी ग्रामपंचायतीनं आणि दोन पालकांनी मिळून दिल्या. पाचवीसाठी आम्ही आयांची पाळी लावली, दर वारी दोघी. त्यानंतर भाजीचं वजन कुणी न सांगता वाढलं. पाळीवर येणाऱ्या आया घरून कोथिंबिरीची जुडी, चार लिंबं घेऊन यायला लागल्या. स्वयंपाकखोलीत आता रोज गावातलं कुणीतरी असतंच, त्यामुळे वेगळ्या तपासणीची गरजही कमी झाली.

ताईंना सगळ्यांसमोर बोलू नका. कौतुक मात्र सगळ्यांसमोर करा, पालकसभेत नाव घेऊन.

त्याच शिध्यात जास्त सत्त्व

शिधा आणि पैसे तेवढेच असले तरी हात फिरवला तर पुष्कळ फरक पडतो. खालच्या गोष्टी ताईंशी गप्पा मारत मारत ठरवा, फर्मान काढू नका. त्यांच्यातल्या अर्ध्या त्यांना तुमच्या-माझ्यापेक्षा चांगल्या येतात.

कडधान्याला मोड आणा. मटकी, मूग, हरभरा, चवळी आदल्या दिवशी भिजत घालून कापडात बांधली की मोड येतात, शिजायला गॅस कमी लागतो आणि त्यांतलं लोह शरीराला जास्त मिळतं. सोमवारी उसळ असेल तर शनिवारी घरी नेऊन भिजवायची जबाबदारी कुणाची, ते आधी ठरवून ठेवा. नाहीतर सोमवारी नुसतं वरण होतं.

लिंबू पिळा. डाळी-पालेभाज्यांतलं लोह अंगी लागायला आंबट लागतं. साठ मुलांना सात-आठ लिंबं पुरतात. आणि जेवणानंतर लगेच चहा द्यायचा नाही, त्यानं उलटं होतं. घरी आल्याआल्या चहा-बिस्किट देण्याची सवय आपल्या घरोघरी आहे, पालकसभेत तीही गोष्ट काढा.

भाजी आधी धुवा, मग चिरा. पालेभाजी शेवटी घाला, पाच-सात मिनिटांत ती होते. आयोडीनयुक्त मीठ झाकणाच्या कोरड्या बरणीत ठेवा आणि पदार्थ शिजत आल्यावर टाका, नाहीतर चुलीच्या वाफेनं आयोडीन उडत राहतं. पालेभाजी मुलं वेगळी काढतात, म्हणून आम्ही शेवग्याचा पाला बारीक चिरून डाळीतच शिजवायचो. कुणीही काढून टाकला नाही. मूग-शेवगा वरण तर राज्याच्या पाककृतींच्या यादीतच आहे.

नाचणी विसरू नका. १०० ग्रॅम नाचणीत साधारण साडेतीनशे मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, तांदळात त्याच्या जवळपासही नाही. कोकणात आणि सह्याद्रीच्या पट्ट्यात ती घरोघरी आहे. महिन्यातून दोन-तीनदा गूळ घातलेलं नाचणीसत्त्व द्या. जास्त गोड करू नका, मुलांना पहिल्या दोन वेळा फिकं लागतं, तिसऱ्या वेळी सवय होते.

आणि पौष्टिक तांदळाबद्दल नीट समजून सांगा. शाळेत असा तांदूळ येत असेल तर त्यात लोह, फॉलिक आम्ल आणि बी-१२ घातलेले दाणे शंभराला एक या प्रमाणात मिसळलेले असतात. ते तांदळाच्या पिठापासूनच बनवलेले असतात. पण रंगानं थोडे वेगळे दिसतात, धुताना काही दाणे वर तरंगतात, आणि मग 'प्लॅस्टिकचा तांदूळ' अशी अफवा उठते. आमच्याकडे ताई ते दाणे निवडून टाकत होत्या, तेही अगदी प्रेमानं, मुलांना काही होऊ नये म्हणून. म्हणजे सरकारनं घातलेलं लोह आम्ही रोज निवडून फेकत होतो. एका बैठकीत ते दाणे ताटलीत घेऊन सगळ्यांना दाखवले आणि शिजवून चाखायला दिले, तेव्हा शंका गेली. तांदूळ एक-दोन पाण्यांनीच हलका धुवा, आणि पेज काढून टाकू नका.

जिथं चूक चालत नाही

१६ जुलै २०१३ रोजी बिहारच्या सारण जिल्ह्यातल्या धर्मसती गंडामन गावी शाळेतलं जेवण खाऊन २३ मुलं गेली. तेलात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक मिसळलं गेलं होतं. ते आपल्याकडच्या कापसाच्या शेतकऱ्यांनाही चांगलं ठाऊक असलेलं नाव आहे. रिकामा झालेला औषधाचा डबा घासून धान्याला वापरायचा, ही सवय खेड्यात कुठे कुठे अजून आहे. म्हणून हा भाग मवाळपणे लिहीत नाही.

स्वयंपाकखोलीत आणि साठ्याच्या खोलीत अन्नाशिवाय दुसरं काहीही नको. फवारणीचं औषध, फिनेल, रंगाचे डबे, उंदराचं औषध यांतलं काही दिसलं तर त्याच दिवशी बाहेर काढा. तेल सीलबंद पिशवीतलंच हवं. मसाल्याच्या पाकिटावरची तारीख दर महिन्याला वाचा. पोती जमिनीवर ठेवू नका, फळ्यांवर आणि भिंतीपासून वीतभर लांब ठेवा, पावसाळ्यात तर नक्कीच. आधी आलेला माल आधी वापरा. सोंडे, जाळी किंवा कुबट वास आलेलं धान्य परत करा आणि परत केल्याची नोंद ठेवा. माल उतरवून घेताना काटा लावा. पोत्यावर ५० किलो छापलंय म्हणून ५० किलो असेलच असं नाही.

शिजताना आणि शिजल्यावर पातेलं झाकलेलं हवं. पाल पडण्याच्या बातम्या दर वर्षी येतात, आणि त्यातल्या बहुतेक ठिकाणी झाकणच नसतं. मुलांना वाढण्याआधी शिक्षकांनी चव घेऊन चव नोंदवहीत सही करायची असते, समितीच्या सदस्यानंही घ्यावी. पण चव घेणं म्हणजे चमचाभर जिभेला लावणं नव्हे. वाटीभर खा, अर्धा तास थांबा, मग वाढा. शिजल्यापासून दोन तासांच्या आत जेवण उरकलं पाहिजे. उरलेलं सकाळचं अन्न दुपारी परत गरम करून द्यायचं नाही. झाकणाच्या स्वच्छ डब्यात रोजचा थोडा नमुना दुसऱ्या दिवसापर्यंत राखून ठेवण्याची सवय लावा. कधी पोटं बिघडलीच तर कशामुळे बिघडली ते शोधायला तोच उपयोगी पडतो.

हात धुणं साबणानंच हवं. नळाला जाळीच्या पिशवीत साबण बांधून ठेवा, म्हणजे हरवत नाही. शाळेत १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्टला जंतनाशक गोळ्या देतात, त्या दिवशी मूल शाळेत असेल हे बघा. पोटात जंत असतील तर वरण कितीही दाट करा, उपयोग अर्धाच.

पंगत एकच

मुलं कशी बसतात ते बघा. एखादं मूल नेहमी टोकाला बसतंय का, कुणाच्या ताटात वरून वाढतात का, कुणी घरून वेगळं ताट आणतं का. स्वयंपाकी अमुक जातीची आहे म्हणून पालकांनी मुलांना जेवू न दिल्याचे प्रकार आपल्या देशात या काही वर्षांतही घडले आहेत. तुमच्या गावात असं काही दिसलं तर ते पोषणाइतकंच समितीचं काम आहे. आम्ही एकच केलं. समितीचे सगळे सदस्य, सरपंच धरून, त्या पंगतीत मुलांमध्ये मिसळून जेवायला बसले, आठवडाभर रोज. भाषण केलं नाही.

अंडं, तिथी भोजन, परसबाग

अंड्याबद्दल माझं मत स्पष्ट आहे: खाणाऱ्या मुलाला शाळेत अंडं मिळायला हवं. एका अंड्यात सहा ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात, म्हणजे पहिलीच्या मुलाच्या शाळेतल्या जेवणाच्या कोट्याचा निम्मा भाग. त्यात बी-१२ असतं, जे डाळ-भातात नाही. शिवाय त्यात भेसळ करता येत नाही, पाणी घालून ते वाढवता येत नाही. तमिळनाडूत शाळेच्या प्रत्येक दिवशी मुलाला अंडं मिळतं. महाराष्ट्रानं नोव्हेंबर २०२३ मध्ये आठवड्यातून एक अंडं, आणि न खाणाऱ्यांना केळं, असं ठरवलं. जानेवारी २०२५ मध्ये मात्र राज्यानं अंड्यासाठीचा निधी थांबवला. अंडा पुलाव आणि गोड पदार्थ ऐच्छिक केले आणि त्यासाठी लोकसहभागातून पैसे उभे करा असं शाळांना सांगितलं. मला हा निर्णय मुळीच पटलेला नाही. ज्या गावाला लोकवर्गणी जमत नाही, त्याच गावातल्या मुलांना अंड्याची गरज जास्त असते. ग्रामसभेत ठराव करून वर पाठवत राहा. तोवर मुलांना उपाशी ठेवता येत नाही, म्हणून लोकसहभागाचंही बघा.

तिथी भोजनाची पद्धत त्यासाठी आहे. वाढदिवस, बारसं, वर्षश्राद्ध अशा दिवशी लोक शाळेत जेवण देतात. बहुतेकांच्या मनात जिलेबी किंवा बुंदी असते. त्यांना आधीच गाठून सांगा: त्या पैशांत साठ मुलांना उकडलेलं अंडं द्या, न खाणाऱ्यांना केळं आणि शेंगदाण्याची चिक्की द्या. आम्ही शाळेच्या भिंतीवर एक कागद लावला होता, त्यावर 'या महिन्यात काय देता येईल' अशी यादी: अंडी, केळी, पेरू, शेंगदाणे, गूळ, नाचणी. लोकांना द्यायचं असतं, काय द्यायचं तेवढं कळत नाही. बाहेरून शिजवून आणलेलं अन्न मात्र मोठ्या माणसांनी आधी खाल्ल्याशिवाय मुलांना वाढू नका.

परसबागेला जागा फार लागत नाही. हात धुण्याचं पाणी जिथं वाहून जातं तिथं पपई, कढीपत्ता, लिंबू आणि दोन शेवगे लावा. पालक-मेथीचे वाफे मुलांनी करावेत. स्वतः लावलेला पालक मूल ताटात सोडत नाही, हे मी कितीदा तरी बघितलं आहे. उन्हाळ्याच्या सुटीत पाणी घालणारं घर आधी ठरवा, नाहीतर जूनमध्ये नुसत्या काटक्या उरतात.

फाटकाबाहेर

देशाच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांनुसार शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आत जास्त मीठ, साखर आणि चरबी असलेले पदार्थ विकता येत नाहीत. नियम दाखवून गाडेवाल्याशी भांडण काढू नका, तोही गावातलाच असतो. आमच्या गाडेवाल्या काकांनी पाकिटांऐवजी भाजलेले शेंगदाणे, चणे, बोरं आणि उकडलेली कणसं ठेवायला सुरुवात केली, कारण आम्ही दहा-बारा पालकांनी आधी त्यांच्याकडूनच ती घ्यायला सुरुवात केली.

बिघडलं तर कुठे जायचं

आधी मुख्याध्यापक. त्यांच्या डोक्यावर या योजनेची केवढी कागदपत्रं आहेत ते एकदा त्यांच्या शेजारी बसून बघा, बोलण्याचा सूर बदलेल. जमलं नाही तर समितीच्या बैठकीत विषय घ्या आणि ठराव लिहून घ्या, तारीख आणि आकड्यांसह: 'अमुक तारखेपासून डाळीचा साठा शून्य, अमुक दिवस आहारात डाळ नाही.' 'निकृष्ट दर्जा' असं मोघम लिहिलेल्या अर्जाला उत्तर येत नाही. ठरावाची प्रत केंद्रप्रमुखांना, तालुक्याच्या गटशिक्षणाधिकाऱ्यांना आणि पोषण आहार अधीक्षकांना द्या, पोच घ्या. पुढे जिल्हा परिषदेचे शिक्षणाधिकारी आणि त्यानंतर राज्य अन्न आयोग.

२०१५ च्या मध्यान्ह भोजन नियमांत एक तरतूद आहे, ती फार थोड्या पालकांना ठाऊक असते. शाळेच्या दिवशी जेवण मिळालं नाही तर मुलाला त्याबदल्यात धान्य आणि पैसे, म्हणजे अन्न सुरक्षा भत्ता, द्यावा लागतो. सलग तीन शालेय दिवस किंवा महिन्यात पाच दिवस जेवण मिळालं नाही तर राज्य सरकारनं जबाबदारी निश्चित करायची असते. म्हणून जेवण न मिळालेल्या प्रत्येक दिवसाची तारीख वहीत लिहा.

शहरात राहत असाल तर तुमच्या शाळेत जेवण मोठ्या केंद्रीय स्वयंपाकगृहातून गाडीनं येत असेल. तिथं पातेल्याजवळ उभं राहता येणार नाही. मग तीन गोष्टी बघा: डबा किती वाजता भरला आणि किती वाजता उघडला, उघडताना वाफ येते का, आणि हजर मुलांच्या मानानं डब्यांचं वजन किती. समितीला ते स्वयंपाकगृह बघायचं आहे असं पत्र द्या आणि गाडी निघायच्या वेळी नाही, तर डाळ धुण्याच्या वेळी, भल्या पहाटे जा.